मोफत त्वचा तपासणी आणि बिनलेबलची डबी

दिवाळी सरून हवा कोरडी होऊ लागली, की कोल्हापुरात प्रदर्शन आणि विक्रीचा हंगाम सुरू होतो. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांत एखादे मंगल कार्यालय थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेतले जाते, साड्या, चादरी, लोणची, चपला यांचे स्टॉल लागतात, आणि त्यांतच एका कोपऱ्यात ‘मोफत त्वचा तपासणी’ असा फलक लावलेले टेबल मांडलेले असते. अशाच एका टेबलावर माझी आणि माझ्या मुलीची फसवणूक झाली. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण मुलीच्या चेहऱ्याला जो त्रास झाला तो पैशांत मोजता येणारा नाही, म्हणून ही फसवणूक कशी केली जाते ते मी सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरात सगळ्यांचाच वर्ण सावळा. हिवाळ्यात हातापायांची कातडी उलते, नडग्या आणि कोपरे राख फासल्यासारखे पांढरट दिसू लागतात, नखाने हलकी रेघ ओढली तरी ती खडूने काढल्यासारखी उमटते. मुलगी महाविद्यालयात रोज दुचाकीवरून जाते, त्यामुळे थंड वाऱ्याने तिचा चेहराही ओढल्यासारखा आणि निस्तेज व्हायचा. यात आजार असा काही नव्हता. टेबलामागच्या पांढरा कोट घातलेल्या बाईंनी नेमके यावरच बोट ठेवले.

त्यांनी आधी मुलीचा हात हातात घेऊन कोपराखालचा भाग कसल्याशा द्रवात भिजवलेल्या कापसाने चांगला चोळून पुसला. कापूस फिरला तिथे गार लागले आणि स्पिरिटसारखा वास आला, हे मुलीने नंतर सांगितले. मग पेनाएवढे एक यंत्र त्या जागी टेकवले. त्यावर ओलाव्याचा अगदी कमी आकडा आला, आणि शेजारच्या पडद्यावर त्याच जागेचे मोठे करून दाखवलेले चित्र दिसू लागले: भेगाळलेली, पापुद्रे सुटलेली, करडी कातडी. “काकू, हे बघा, हा सगळा मृत थर आहे. हिचा मूळ रंग याच्या खाली दडलाय. हा थर नाही काढला तर कायमचा काळपटपणा बसेल,” असे त्या म्हणाल्या. त्यानंतर हाताच्या अर्ध्या भागावर त्यांनी एका डबीतले मलम लावले, मिनिटभर चोळले, पुन्हा यंत्र टेकवले. आकडा दुपटीहून अधिक झाला. करडेपणा गेला होता आणि तेवढाच भाग तुकतुकीत दिसत होता. भोवती उभ्या असलेल्या बायकांनी तो फरक डोळ्यांनी पाहिला आणि तिथेच पाकिटे निघाली.

या प्रात्यक्षिकात हातचलाखी कुठे आहे ते आधी समजून घ्यायला हवे, कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पाणी आणि तेलकटपणा कमी झाला की तिथल्या पेशींचे सूक्ष्म पापुद्रे कडेने सुटतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते आणि पडणारा प्रकाश सरळ परत न येता सगळीकडे विखुरतो. गोऱ्या त्वचेवर हा पांढुरका थर फारसा लक्षात येत नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर मात्र गडद रंगाच्या पार्श्वभूमीमुळे तो राखेसारखा उठून दिसतो. पंचगंगेच्या घाटाचा काळा दगड उन्हात करडा दिसतो आणि पाणी पडले की काळाभोर होतो, तसाच हा प्रकार आहे. पापुद्र्यांमधल्या फटी पाण्याने किंवा तेलाने भरल्या की करडेपणा तत्क्षणी जातो. त्यासाठी खोबरेल तेल चालते, पेट्रोलियम जेली चालते, पाण्यात मिसळलेले ग्लिसरीनही चालते. स्पिरिटने आधी होते नव्हते तेवढे तेल पुसून काढायचे, कोरड्या हातावर आकडा घ्यायचा आणि मलम लावून ओल्या हातावर पुन्हा घ्यायचा, म्हणजे यंत्र खोटे नसले तरी मोजणी खोटी ठरते. ओलावा मोजणारी अशी यंत्रे त्वचेतून वीज किती सहज वाहते यासारख्या गुणांवरून आकडा देतात. त्यामुळे नुकतेच पाण्याचे मलम लावलेल्या जागी तो वाढणारच.

इथवर फसवणूक पैशांपुरती असती. खरे पाप पुढे आहे. त्यांनी दाखवला कोरडेपणा, आणि विकले ते रंग उजळण्याचे औषध. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. कोरडेपणा हटल्यावर सावळी त्वचा सावळीच राहते, फक्त नितळ आणि तजेलदार दिसते, आणि तेच तिचे निरोगी रूप असते. ‘मूळ रंग खाली दडलाय’ हे वाक्य सावळ्या मुलीच्या आईला कुठे लागते, हे ओळखून ते घोकलेले असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आम्हाला साडेआठ हजार रुपयांचे ‘पॅकेज’ देण्यात आले. त्यात एक साबण, पाण्यातून घ्यायची पूड, एक लहान बाटली आणि पांढऱ्या मलमाची डबी होती. डबीवर सोनेरी अक्षरांत ‘हर्बल’ आणि ‘नाइट’ एवढेच छापलेले होते. उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, घटकांची यादी नाही, बॅच क्रमांक नाही, परवाना क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही. हे सगळे छापणे सौंदर्यप्रसाधनांसाठी कायद्याने बंधनकारक आहे. विचारल्यावर “आमच्या डॉक्टरांचा स्वतःचा फॉर्म्युला आहे, म्हणून बाजारात मिळत नाही,” असे उत्तर मिळाले. पैसे फोनवरून पाठवले, ते एका व्यक्तीच्या खात्यात गेले. हाती दिलेल्या कागदावर जीएसटी क्रमांकही नव्हता.

पहिले काही आठवडे परिणाम इतका दिसला की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने मुलीला कौतुकाने विचारले. अशा मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, खाज आणि दाह दाबून टाकते आणि रंगद्रव्य तयार होण्याचे कामही मंदावते, म्हणून चेहरा थोड्याच दिवसांत उजळ आणि गुळगुळीत वाटतो. डबी संपत आल्यावर स्टॉलवाल्यांनी दिलेल्या नंबरवर फोन केला, तर आता ‘दुसरी पायरी’ घ्यावी लागेल आणि तिची किंमत जास्त आहे, असे सांगण्यात आले. आम्ही नकार दिला. मलम थांबल्यावर थोड्याच दिवसांत मुलीचे गाल जळजळू लागले, साधे पाणी लागले तरी झोंबायचे, एकाच आकाराच्या बारीक पुटकुळ्या उठल्या. पुन्हा फोन केला तेव्हा नंबर बंद होता.

सावळ्या चेहऱ्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते. अशा वेळी गाल लाल होतात असे सगळीकडे लिहिलेले असते, पण गडद त्वचेवर ती लाली लाल दिसत नाही. ती तपकिरी किंवा जांभळट छटेची दिसते आणि ‘ऊन लागले असेल’ म्हणून सोडून दिली जाते. जळजळ, ताण, त्वचा पातळ आणि चकाकती होणे, गालांवर नवी लव येणे ही लक्षणे रंगापेक्षा जास्त विश्वासाची आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी ही लक्षणे पाहून आणि डबी हातात घेऊन चेहऱ्यावर स्टेरॉइडचा दुष्परिणाम झाल्याचे निदान केले. हे दुखणे त्यांच्याकडे इतक्या वेळा येते, की इंग्रजीत त्याला स्वतंत्र नावच पडले आहे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही अशा स्टेरॉइडची नावे आहेत. योग्य रोगावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती उपयोगी औषधे आहेत, पण चेहरा उजळण्याची क्रीम नव्हेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, ती याच गैरवापरामुळे. काही डब्यांत यासोबत हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारे रसायनही असते, आणि ते देखरेखीशिवाय दीर्घकाळ लावल्यास काहींच्या त्वचेवर कायमचा निळसर काळा डाग उमटतो, म्हणजे जे घालवायचे म्हणून विकले तेच पदरात पडते.

याहून भयंकर घटक पारा. तो रंगद्रव्य रोखतो, स्वस्त असतो आणि त्वचेतून रक्तात जातो. 2023 च्या सुरुवातीला बातम्या आल्या होत्या, की अकोल्यात एकाच घरातील तिघींना चेहऱ्याला लावायच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी केल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशीच प्रकरणे पुढे आली. म्हणून अशी डबी वापरलेल्या कोणाच्या पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांबरोबरच लघवीची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे.

मुलीला डॉक्टरांनी जे उपाय दिले, त्यांतली औषधे तिच्या दुखण्यापुरती आहेत, ती इथे लिहीत नाही. मात्र कोरड्या त्वचेसाठी त्यांनी घरातल्या सगळ्यांनाच जे सांगितले, ते त्या पॅकेजच्या किमतीच्या तुलनेत जवळजवळ फुकट आहे. कडकडीत पाण्याने बराच वेळ अंघोळ करणे बंद करायचे, कोमट पाणी घ्यायचे आणि लवकर आटोपायचे. टॉवेलने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यायचे आणि अंग दमट आहे तोवरच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, वंगण लावायचे. कारण पेट्रोलियम जेली किंवा तेल त्वचेत पाणी घालत नाही, आहे ते उडून जाऊ देत नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण ते पाण्यात मिसळून लावावे. नडग्या, कोपर, टाचा यांवर जाड थर साठला असेल तर पाच ते दहा टक्के युरिया असलेले मलम चांगले काम करते. मात्र ते भेगांवर झोंबते. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर जड तेलकट थर देऊ नये, तिथे हलके, बिनवासाचे मॉइश्चरायझर पुरते. साबण सारखा लावू नये, आणि अंघोळीचा साबण घेताना वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचे प्रमाण, पाहावा. पहिल्या श्रेणीच्या साबणात तो किमान 76 टक्के असतो.

वज्री, जाडसर स्क्रब, लिंबू, खाण्याचा सोडा यांनी ‘मळ’ काढण्याचा जो खटाटोप घरोघरी चालतो, तो सावळ्या त्वचेला विशेष महाग पडतो. घासल्याने होणारा दाह बरा होताना मागे गडद डाग ठेवून जातो आणि ते डाग फिकट व्हायला काही महिने लागतात. डाळीच्या पिठाचे उटणे दिवाळीच्या पहाटे तेल चोळल्यावर लावणे वेगळे; हिवाळाभर रोज कोरडे लावले तर ते उरलेसुरले तेलही काढून घेते. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा जाड काळपटपणा असेल तर तो मळ नसतो, शरीरात इन्सुलिनचे काम बिघडत असल्याची ती खूण असू शकते. तिथे घासणी नव्हे, रक्तातील साखरेची तपासणी हवी. लहानपणापासून नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा असेल तर ते बहुधा आनुवंशिक असते; वंगण लावूनही कोरडेपणा जात नसेल आणि सोबत थकवा, वजनवाढ असेल, तर थायरॉइडपासून मूत्रपिंडापर्यंत कारणे असू शकतात. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी कोल्हापुरातले सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. प्रदर्शनातल्या टेबलावरची तपासणी मोफत वाटते, पण सर्वांत महाग तीच पडते.

मुलीचा चेहरा आता पूर्वीपेक्षा बराच शांत आहे, जळजळ थांबली आहे, गालांवरचे डाग मात्र अजून आहेत. ज्यांच्याकडे अशी डबी सध्या वापरात असेल त्यांनी ती घाबरून एकदम बंद करण्याऐवजी डबीसह त्वचारोगतज्ज्ञांकडे त्वरित जावे, कारण स्टेरॉइड कसे थांबवायचे हे ते ठरवतात. उरलेले मलम फेकून देऊ नये. आम्ही आमची डबी, तो कागद आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. अर्जात प्रदर्शनाच्या तारखा आणि मंगल कार्यालयाचे नाव अवश्य लिहावे. स्टॉलवाले गाव बदलतात, नंबर बंद करतात. पण कार्यालय कोणी, कोणत्या नावाने आणि किती दिवसांसाठी भाड्याने घेतले होते, याची नोंद तिथल्या व्यवस्थापकाकडे असते, आणि आमच्या तक्रारीसाठी स्टॉलवाल्यांचे नाव मिळाले तेही तिथूनच.