लीड्समधील जुन्या घरात फायरप्लेसचा ओटा नव्याने बांधून घेताना

लीड्समधील आमचे घर व्हिक्टोरियन काळातले, लाल विटांच्या घरांच्या रांगेतले आहे. बैठकीच्या खोलीत फायरप्लेसपुढच्या ओट्यावर, म्हणजे येथे ज्याला हार्थ म्हणतात त्यावर, आधीच्या मालकांनी ग्रॅनाइटची एकसंध लादी बसवली होती आणि गेल्या हिवाळ्यात तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. दोन ठिकाणचे कारागीर येऊन मोजमाप घेऊन गेले; दोघांनीही नवी लादी एका दिवसात चिकटवून देण्याची तयारी दाखवली. तिसरा गवंडी जुन्या घरांतील चुन्याची कामे करणारा होता. त्याने गुडघे टेकून लादी ठिकठिकाणी वाजवून पाहिली आणि खाली पोकळ आहे, उघडल्याशिवाय भाव सांगणार नाही, असे स्पष्टपणे सांगितले. काम आम्ही त्यालाच दिले.

लादी उचलल्यावर खाली जेमतेम दोन इंच काँक्रीट निघाले आणि त्याखाली, ते ओतताना आधाराला घातलेला प्लायवूड तसाच राहिलेला होता. मधोमध तो काळा पडून इतका ठिसूळ झाला होता की हात लावताच तुकडा सुटून आला. त्याच लादीपुढे सतरंजी टाकून आमची मुले दोन हिवाळे शेकत बसत होती. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार हार्थ किमान 125 मिलिमीटर जाडीचा आणि न जळणाऱ्या साहित्याचा असावा लागतो, तसेच उघड्या आगीसाठी तो फायरप्लेसच्या तोंडापुढे किमान 500 आणि दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर पसरलेला असावा लागतो. हे आकडे कशासाठी आहेत, ते मला त्या काळ्या तुकड्याने समजावले.

गवंड्याने सगळे लाकूड काढले, जमिनीखालची मूळची बुटकी भिंत मोकळी करून तिच्या आत विटांचा चुरा थरांथरांनी ठोकून भरला, त्यावर जाड काँक्रीट ओतले आणि ते पुरेसे सुकल्यावरच यॉर्कशायरचा वालुकाश्म बसवला. आगीमागची फायरक्लेची, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या भाजलेल्या मातीची पाठ बसवण्याची त्याची रीत तर शेजारी उभे राहून पाहण्यासारखी होती. एकसंध आलेली पाठ त्याने आधी आडवी दोन भागांत तोडली, कारण खालचा भाग जास्त तापतो आणि जास्त फुगतो. एकच तुकडा ठेवला तर तो स्वतःच्याच ताणाने फुटतो. मग तिच्या मागे पन्हळीचा पुठ्ठा लावून त्यामागे चुना आणि व्हर्मिक्युलाइट या हलक्या, न जळणाऱ्या खनिजाचे मिश्रण भरले. पुठ्ठा पुढे जळून जातो आणि पाठीला फुगायला तेवढीच फट मिळते. पुण्यातील आमच्या आजोळच्या वाड्याच्या भिंतीही चुन्याच्याच होत्या, त्यामुळे सिमेंटपेक्षा चुना थोडे हलू देतो, हे त्याचे म्हणणे मला लगेच पटले. शेवटी धुराची गोळी पेटवून धूर धुराड्याने नीट वर जातो ना, हे त्याने तपासले आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागल्याशिवाय आग पेटवू नका, असे बजावले.

दोन तक्रारी मात्र नोंदवायला हव्यात. दोन दिवसांचे काम पाच दिवस चालले. त्यातला सुकण्याचा वेळ मी समजू शकते, पण तो आधी सांगितला असता तर आम्ही पाहुण्यांना बोलावले नसते. शिवाय राडारोडा उचलून नेणे आणि धुराडे साफ करून घेणे त्याच्या अंदाजपत्रकात नव्हते, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. असा अंदाज घेताना या दोन्ही बाबी लेखी मागून घ्याव्यात. धूळ कपाटांच्या आतपर्यंत गेली, परंतु जुनी भर काढताना ती टळण्यासारखी नव्हती.

पहिले काही दिवस त्याच्या सांगण्यानुसार लहान आग ठेवली. आमचा भाग धूरनियंत्रण क्षेत्रात असल्याने उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड चालत नाही, धूरविरहित कोळसाच वापरावा लागतो. आता तो रात्री दहापर्यंत धगधगत असतो, आणि तरीही कडेच्या लाकडी जमिनीवर हात ठेवला तर ती थंडच लागते.