सांगलीच्या बाजारातली सुकी मासळी : काय घ्यावं, काय सोडावं

आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या पलीकडे सुकी मासळी मांडणाऱ्या मावशींचा ठेला बोंबलासाठी बेलाशक गाठावा. त्या बोंबील मोडून बघू देतात, आणि खरी पारख तिथंच होते. चांगला बोंबील फिकट पिवळसर, हलका, कटकन मोडणारा. नुसताच वाकला तर ओल धरलेला समजा. वजनाला जास्त भरतो आणि घरी चार दिवसांत बुरशी पकडतो. कण्यालगत बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर कीड लागलीय. इथला माल या सगळ्यात पास.

खारा बांगडाही उत्तम. मीठ पोटात आणि कल्ल्यात नीट भरलेलं असतं. अंगावर गुलाबी-लाल डाग असलेला बांगडा मात्र कुठंही घेऊ नका. भर मिठातही वाढणारे जिवाणू तो रंग आणतात. घरी आणल्यावर अर्धा तास गार पाण्यात ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. कालवणात मीठ शेवटी, चव बघूनच.

जवळ्यात, म्हणजे अगदी बारीक सुक्या कोळंबीत, हा ठेला कमी पडतो. ओल्या तळहातावर चोळला की कचकच लागते, म्हणजे वाळूवरच वाळवलेला. ओट्यावर किंवा जाळीवर वाळवलेला जवळा थोडा महाग पडला तरी तोच परवडतो. हाच घ्यावा लागला तर आधी कोरडा भाजून चाळणीनं चाळा. मग भरपूर पाण्यात हलवून हातानं वरच्यावर उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं केलंत तर तळाची वाळू परत जवळ्यातच येते.

सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, निवडक आणि स्वच्छ. वीस मिनिटं भिजवून कृष्णाकाठच्या वांग्यात, कांदा-लसूण चटणी घालून केले की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही नको.

एक तक्रार आहेच. पोती दिवसभर उघडी असतात आणि माल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतात. त्यात घाम धरतो. कागदात बांधून मागा, घरी एक कडक ऊन दाखवा, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच उरका. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि पावसात मासळी उन्हात वाळवता येत नाही. जुलैत ठेल्यावर दिसतो तो सगळा साठवणीचा माल. तेव्हा बोंबील मोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.