ठाण्याच्या वर्गात ऑस्ट्रेलियाची ऋतुचक्रं: काय घ्यावं, काय घेऊ नये

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने तिथल्या आदिवासी समाजांसोबत केलेली ऋतुचक्रं, म्हणजे गोलात मांडलेली ऋतूंची कॅलेंडरं, इंटरनेटवर फुकट मिळतात. पाचवी ते आठवीच्या वर्गासाठी याहून चांगलं साधन आम्हाला दिसत नाही.

आपल्या पुस्तकातले तीन ऋतू महिने मोजून पाडलेले. या चक्रांत निसर्गातली खूण आधी, महिना मागून. पर्थकडच्या नूंगार लोकांचे ऋतू सहा (हे चक्र ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याकडे मिळतं), डार्विनच्या लाराकियांचे सात. डेली नदीकाठच्या न्गांगी चक्रात तर बऱ्याच ऋतूंची नावंच स्पीअरग्रास या उंच गवतावरून पडलीत: गवत वाढलं, दाणा धरला, आडवं झालं, जाळायला आलं. शब्द शिकला की खूणही शिकली. भाषेचा तास वेगळा लागतच नाही, आणि या चक्रांची खरी किंमत इथेच आहे.

ए-फोरवर छापू नका, अक्षरं वाचवत नाहीत. निदान ए-थ्री घ्या. मजकूर इंग्रजी आहे आणि कागदावरून उच्चार कळत नाहीत. नूंगारांचा माकुरू जून-जुलैचा, थंडी-पावसाचा. दक्षिण गोलार्ध आधी समजावला नाही तर मुलं गोंधळतात.

मोठी चूक होते ती तीच नावं ठाण्यावर चिकटवण्यात. पद्धत घेऊन मुलांकडून आपल्या भागाच्या चक्राचा तक्ता करून घ्या, नावं ठाण्याच्या येऊरच्या पाड्यांवरच्या वारली आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या परवानगीने लिहा, ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव तक्त्यावर घाला. बारा समान भाग आधी आखले की मुलं रकाने भरत बसतात. नुसता गोल काढून खुणा टिपू द्या: पळस-सावर फुलली, मोह गळायला लागला, राब भाजले (पेरणीआधी शेतं भाजली), काजवे दिसले, पावशा ओरडला, शेवळं ही रानभाजी आली, टाकळा उगवला. ऋतूंच्या रेषा वर्षाअखेरीस.

रानभाजी जंगलातून तोडू नका. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. बाजारात आदिवासी बायका विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि त्यांचाच शब्द टिपा. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, कच्चं चाखलं तर घसा खाजतो. म्हणून ती काकड या झाडाची फळं किंवा चिंच घालून शिजवतात. हे कारणही तक्त्यावर हवं.

कारवी (डोंगरातलं झुडूप) मात्र वर्षाच्या गोलात बसत नाही, ती सात-आठ वर्षांनी फुलते. तिच्यासाठी गोलाबाहेर आठ घरांची पट्टी आखा, आणि वर्ग पुढे गेला तरी तक्ता भिंतीवरून काढू नका.