एआर-३ए घ्यावेत की अ‍ॅडव्हेंट?

जुने, दुरुस्त केलेले अमेरिकन स्पीकर घ्यायचे म्हटलं की शोध बऱ्याचदा दोन नावांपाशी येऊन अडतो: अकूस्टिक रिसर्चचे एआर-३ए आणि अ‍ॅडव्हेंटचे मोठे स्पीकर. मी बॉस्टनजवळ राहतो आणि दोन्ही कंपन्या नदीपलीकडच्या केंब्रिजमधल्या होत्या, त्यामुळे दोन्ही जोड्या फार न हिंडता मिळाल्या. एआर-३ए दोन वर्षं वापरले, अ‍ॅडव्हेंटचं हे चौथं वर्ष. वूफर (खर्ज वाजवणारा मोठा पडदा) केवढा, वजन किती, हे तुम्ही एव्हाना पाठ केलं असेलच.

दोघांचं घराणं एकच. १९५४ साली एडगर व्हिलचर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च सुरू केली. बंद खोक्यात कोंडलेल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग करायची, ही व्हिलचरची कल्पना. तोवर कपाटाएवढ्या खोक्याशिवाय न मिळणारा खर्ज तिच्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावायला लागला. क्लॉस १९५७ मध्ये बाहेर पडला, आधी केएलएच ही स्पीकरचीच कंपनी काढली आणि दहा वर्षांनी अ‍ॅडव्हेंट. एआर-३एच्या तोडीचा खर्ज निम्म्याच्या आसपास किमतीत द्यायचा, असा त्याचा हिशेब होता. आणि तो बऱ्यापैकी जमलाही.

आवाजात फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा मला तरी जाणवला नाही. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली घुमक एआर-३एवर जास्त खोल जाते, आणि गायकाचा आवाज खोलीभर पसरतो. कुठल्याही कोपऱ्यात बसा, बैठक तीच. अ‍ॅडव्हेंटवर तानपुऱ्याची जवारी अधिक उघडी ऐकू येते. नुसत्या कानांनी निवडायचं असतं तर कदाचित मी एआर-३एच ठेवले असते. एक मात्र आहे, ते ४ ओहमचे आणि अ‍ॅम्पकडून वीज खेचण्यात खादाड. माझा जुना रिसीव्हर (रेडिओसकटचा अ‍ॅम्प) तासाभरात हात लावू नये इतका तापायचा.

पण माझा निर्णय झाला तो मागच्या दोन बटणांमुळे.

एआर-३एच्या पाठीवर मधल्या आणि वरच्या सुरांची पातळी कमी-जास्त करायला दोन पॉट, म्हणजे फिरवायची बटणं, असतात. आत तारेचं वेटोळं आणि त्यावर फिरणारी पत्र्याची जीभ. पन्नास-पंचावन्न वर्षांत तिथं गंज धरणारच, त्यात कंपनीचा काय दोष? माझ्या जोडीत वूफरच्या कडेचा फोम नवा होता, अक्रोडाचं लाकूड आरशासारखं चमकत होतं आणि विकणाऱ्यानं ‘पूर्ण रिस्टोअर केलंय’ असं छातीठोक सांगितलं होतं. पॉटना मात्र कोणी हात लावला नव्हता. विलंबित रंगात यावं आणि उजव्या बाजूचा तानपुरा एकदम रजईखाली गेल्यासारखा व्हावा. मग उठायचं, स्पीकरमागे हात घालायचा, बटण फिरवायचं, खर्रर्र, की जवारी परत. “परत उठलास?” बायको आतून विचारायची. पुढे पुढे बसल्या जागीच माझं लक्ष गाण्यावर कमी आणि उजव्या ट्वीटरवर (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्यावर) जास्त असायचं.

साफ करता येत नाहीत का? येतात. वूफर काढायचा, आतली काचेची लोकर उपसायची (दोन दिवस कोपरापर्यंत खाजतं), पॉट उघडून घासायचे, सगळं परत भरायचं आणि वूफरच्या कडेनं पुटी अशी बसवायची की हवा निसटता कामा नये. निसटली की गेला खर्ज. मी एकदा केलं. पुढच्या वर्षी खरखर पुन्हा हजर. पॉट काढून पक्के रेझिस्टर टाकणारेही आहेत, पण मग त्याला एआर-३ए म्हणायचं का यावर भांडणं लागतात.

अ‍ॅडव्हेंटच्या मागे ट्वीटरसाठी तीन खटक्यांचा एक साधा स्विच, बस. फोम त्यांचाही कुजतो, तो बदलावाच लागतो. दिसायला ते एआरपुढे जरा गरीबच, आणि माझ्या जोडीचं व्हिनाइल कडेला सुटलंय. पण चार वर्षांत गाणं चालू असताना मी एकदाही उठलो नाही.

तुमचा हात सोल्डरिंगवर बसलेला असेल आणि अ‍ॅम्प दणकट असेल, तर एआर-३ए जरूर बघा. फक्त पैसे देण्याआधी बोलणी लाकडावर नको, पॉट आणि कपॅसिटरवर करा. वूफरचा पडदा हलक्या हातानं दाबून सोडा. तो सावकाश परत यायला हवा. झटकन उसळला तर कुठंतरी हवा गळतेय.

माझी एआर-३एची जोडी एका मित्रानं नेली. परवा फोनवर म्हणाला, “छे रे, कुठंय खरखर?” पॉट त्यानं मार्चमध्ये साफ केलेत. इकडचा दमट जुलै अजून यायचाय.