सीडीएस की टीजीसी? डेहराडूनला निघालेल्या इंजिनिअरसाठी

देवळाली, नाशिकरोड, भोसला या पट्ट्यात वाढलेल्या पोरांना फौज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला कुणी भेटला की विचारतो एवढंच, "सर, सीडीएस देऊ की टीजीसीची जाहिरात बघू?" सीडीएस म्हणजे यूपीएससीची लेखी परीक्षा, टीजीसी म्हणजे इंजिनिअरांची लेखीशिवायची भरती. दोन्ही वाटा डेहराडूनच्या आयएमएतच, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीतच जातात, दोन्हीकडे पर्मनंट कमिशन (अधिकारी म्हणून कायम नेमणूक), एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचे, पाच दिवसही तेच. मी टीजीसीने गेलो, तेव्हा पुढचं वाचताना माझा कल थोडा वजा करा.

पगारावरून ठरवू म्हणाल तर ठरत नाही. ट्रेनिंगमध्ये दोघांनाही ५६,१०० स्टायपेंड. खांद्यावर दोन स्टार चढले की लेव्हल १० चं मूळ वेतन तेवढंच, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००. फरक पडतो तो तारखेने. कमिशनपासून दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. मेजरची लेव्हल ६९,४०० पासून सुरू होते आणि लेफ्टनंट कर्नलची एकदम १,२१,२०० पासून. ती उडी सहा महिने आधी आली तर घरच्या हिशोबात चांगलीच कळते. आणि ट्रेनिंगचा काळ कमिशंड सर्व्हिसमध्ये धरत नाहीत. सीडीएसचं ट्रेनिंग दीड वर्षाचं, टीजीसीचं एका वर्षाचं.

मला खुपलं ते इथेच. बारावीला माझ्याच बाकावर बसणारा एकजण एनडीएत गेला. खडकवासल्याची तीन वर्षं आणि डेहराडूनचं एक, म्हणजे मी बी.ई.चा शेवटचा पेपर देत होतो त्याच सुमारास तो लेफ्टनंट होत होता. तेव्हा कागद घेऊन बसलो. सीडीएसने गेलो तर फॉर्म, लेखी, निकाल, एसएसबी, मेरिट लिस्ट आणि मग अठरा महिने. सगळं वेळेवर झालं तरी मी त्याच्यामागे किमान दीड वर्ष, खरं तर दोनच धरा. बाहेर तो माझा मित्र, युनिटमध्ये मात्र त्याला सर म्हणायचं. म्हणायला माझी ना नव्हती. पण मधली चार वर्षं मी काही घरी बसून काढली नव्हती. सीडीएसला कुठलीही पदवी चालते. म्हणून थर्मोडायनॅमिक्स घासून आलेल्याला त्या खात्यात वेगळं काही जमा होत नाही.

टीजीसीत जमा होत होतं. तेव्हा इंजिनिअरला एक वर्षाची अँटीडेट सिनियॉरिटी मिळायची, म्हणजे कमिशनची तारीख ज्येष्ठतेपुरती वर्षभर मागे धरायची. चार वर्षं डिग्री, एक वर्ष ट्रेनिंग, वजा एक. बाकावरचा मित्र आणि मी जवळपास एका रेषेत! कॅप्टनचा तिसरा स्टारही वर्षभर आधी लागला. मात्र ही सवलत प्रत्येक कोर्सला असतेच असं समजू नका, जाहिरातीतला तो परिच्छेद स्वतः वाचा. ती नसेल तर टीजीसीची आघाडी सहा महिन्यांवर येते. मग माझा मुद्दा तेवढा जोरात मांडता येत नाही, हे कबूल.

सीडीएसच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट म्हणजे जागा. आयएमएसाठी दर परीक्षेला साधारण शंभर, टीजीसीला देशभरातून तीस-चाळीस, त्याही सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा वाटून. टीजीसीला लेखी परीक्षा नाही, हे ऐकून पोरं खूश होतात. पण एसएसबीचं बोलावणं इंजिनिअरिंगच्या टक्क्यांवर निघतं. पहिल्या दोन सेमिस्टरला कॉलेज रोडवर रमलेल्यांनी सीडीएससाठी इंग्रजी, जीके आणि दहावीच्या पातळीचं गणित घासलेलं बरं. शिवाय टीजीसीवाले बहुतेक इंजिनिअर्स, सिग्नल्स, ईएमई (लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा) यांत जातात. देवळालीच्या रेंजवरचा आवाज ऐकत वाढलात आणि तोफखानाच हवा असेल, तर सीडीएस. तिथे माझा हिशोब बाजूला ठेवा. मनाजोगतं आर्म, म्हणजे लष्करातली शाखा, मिळालं तर दीड वर्षाची ज्येष्ठता कुणी मोजत बसत नाही, असं माझे तोफखान्यातले मित्र सांगतात.

टीजीसीची आणखी एक कटकट म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल. तो वेळेत हातात पडला पाहिजे, आणि आपल्याकडे निकाल कधी लागतात ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या वेळी परीक्षा विभागाच्या खिडकीवरचे लोक मला नावाने ओळखायला लागले होते.

तयारीसाठी फार लांब जायला नको. नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र सरकारी आहे आणि राहणं-जेवणही विनामूल्य असतं. तिथल्या एसएसबी कोर्सला टीजीसीचं कॉल लेटर असलेल्यांनाही घेतात.

वयाचंही बघा. आयएमएसाठी सीडीएसची मर्यादा चोवीसपर्यंत, टीजीसीची सत्तावीसपर्यंत. अंबड-सातपूरला किंवा पुण्यात आयटीत दोन वर्षं काढून मग फौज आठवली, तर प्रश्नच मिटला. चोवीसच्या आत असाल आणि टक्के बरे असतील तर दोन्ही फॉर्म भरा. दोन्हीकडून शिफारस झाली आणि आर्मचा हट्ट नसेल, तर मी तरी टीजीसीचं जॉइनिंग लेटर आधी उघडेन.