मुळे फुटवणारी पावडर : काम चोख, पाकीट मुके

रोपवाटिकांत आणि कृषी सेवा केंद्रांत ‘रूटिंग हार्मोन’ म्हणून जी पांढरी पावडर मिळते, ती यंदाच्या पावसाळ्यात जास्वंद, बोगनवेल, अंजीर आणि मोगरा यांच्या छाट कलमांवर, म्हणजे रुजवण्यासाठी कापलेल्या काड्यांवर, मी वापरून पाहिली. पावडर न लावलेली काही कलमे मुद्दाम शेजारी ठेवली होती. कंपनीचे नाव येथे देत नाही.

पाकिटात बहुतांश शंखजिऱ्याची भुकटी असते. खरे काम करते ते तिच्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेले इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजेच आयबीए. हे खत नव्हे, त्यामुळे ‘थोडे जास्त लावले तर बरे’ हा हिशेब येथे चालत नाही. झाडाच्या वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक पेशीपटलावरील ठरावीक प्रथिनांमार्फत एका पेशीतून दुसरीत असे खाली सरकत जाते, आणि फांदी कापली की पुढची वाट बंद झाल्याने छेदाजवळ साचते. हे साचणेच तेथील पेशींना मूळ घडवण्याचा इशारा ठरते. पावडर याच इशाऱ्याची तीव्रता वाढवते: आयबीए पेशीत शिरते, तेथे त्याचे झाडाच्या स्वतःच्या ऑक्झिनमध्ये रूपांतर होते, ते टीआयआर-१ नावाच्या ग्राहक, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या, प्रथिनाला चिकटते आणि मग जी प्रथिने काही जनुकांना दाबून धरून बसलेली असतात ती मोडीत काढली जाऊन ती जनुके कामाला लागतात. ऑक्झिनचे हे ग्राहक प्रथिन 2005 साली ओळखले गेले. आयबीएने कलमांना मुळे फुटतात हे मात्र 1935 पासून ठाऊक होते. निरोप कोण घेतो हे न कळताही माळ्यांनी तो सत्तर वर्षे बिनबोभाट पोहोचवला, याचे मला कौतुक वाटते.

बोगनवेलीत फरक सर्वांत ठळक दिसला. पावडर न लावलेल्या काड्यांपैकी अनेक नुसत्याच हिरव्या राहिल्या, तर लावलेल्या काड्यांना छेदाभोवती सर्व बाजूंनी मुळे आली. जास्वंद आणि अंजीर पावडरीशिवायही रुजतात, पण पावडरीमुळे मुळांचा झुबका दाट होतो आणि रोप कुंडीत लवकर सावरते. मोगऱ्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तुळस किंवा मनी प्लँटसाठी ही पावडर घेणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण त्या काड्या साध्या पाण्यातही मुळे धरतात. आणि आंब्याची काडी पावडरीच्या भरवशावर लावू नये, तेथे कोयीतून उगवलेल्या रोपावर बांधलेले कोय कलमच खरे.

माझी तक्रार पाकिटाबद्दल आहे. ‘सर्व झाडांसाठी उपयुक्त’ एवढेच त्यावर छापलेले असून आयबीएचे प्रमाण कोठेही दिलेले नाही. कोवळ्या काडीला साधारण 1000 पीपीएम (म्हणजे पावडरीच्या दहा लाख भागांत हजार भाग आयबीए), अर्धवट पक्व काडीला 3000 आणि कठीण लाकडाच्या काडीला 8000 पीपीएमपर्यंत अशी ढोबळ प्रतवारी रूढ आहे, आणि ती निष्कारण नाही: मात्रा प्रमाणाबाहेर गेली की हेच संजीवक डोळे फुटू देत नाही आणि काडीचे बूड काळे पडते. ज्या वस्तूचा सारा गुण मात्रेवर अवलंबून आहे, तिची मात्रा ग्राहकापासून लपवणे मला अक्षम्य वाटते. वापरण्याची मुदतही अशी पुसट छापली आहे की ती वाचण्यासाठी उन्हात जावे लागते.

तरीही बोगनवेल, डाळिंब, अंजीर अशी कठीण काडीची झाडे वाढवणाऱ्यांनी ही पावडर जरूर घ्यावी. डाळिंबाच्या गुटी कलमांसाठी, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडण्यासाठी, आपल्याकडे आयबीए वापरतातच. मात्र ज्या पाकिटावर पीपीएम किंवा टक्केवारी स्पष्ट लिहिलेली असेल तेच निवडावे, चार रुपये अधिक पडले तरी चालेल. काडी थेट डबीत बुडवू नये, कारण ओल आणि बुरशी उरलेल्या पावडरीत जाते. लागेल तेवढीच कागदावर काढावी, छेद किंचित ओलसर करून तिच्यात टेकवावा, जादा पावडर झटकावी आणि डबी घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी.