डोनर कमी असेल तर आधी पुढची बाजू की भोवरा?

हेअर ट्रान्सप्लांटसाठी नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दोन-तीन ठिकाणी डोकं दाखवून आलात की प्रश्न एकच उरतो. डोनरमधून, म्हणजे डोक्याच्या मागच्या दाट पट्ट्यातून, जन्मभरात ३००० च्या आसपासच ग्राफ्ट (मुळासकट काढलेले एक ते तीन-चार केसांचे झुबके) निघणार असतील, तर ते कपाळाकडे लावायचे की भोवऱ्यात? मी पुढची बाजू घेतली. तरी काहींना भोवराच योग्य ठरेल, हे मान्य.

पुढची ६० चौ. सेंमी जागा, दर चौ. सेंमीला ४० ग्राफ्ट, म्हणजे २४०० झाले. भोवरा दिसतो लहान, पण मोजला की तोही तेवढाच भरतो आणि वर्षागणिक पसरतो. शिवाय पुढचे केस एका दिशेने, कवेलूंसारखे एकावर एक पडतात आणि खालची कातडी झाकतात. भोवऱ्यात ते चारी बाजूंना फाकतात. तितक्याच ग्राफ्टमध्ये तिथे कातडी चमकत राहते.

माझा काटा झुकला तो कड्यामुळे. भोवरा आधी भरला आणि नंतर आजूबाजूचे मूळ केस गेले, तर लावलेला पुंजका मधे उभा आणि भोवती गुळगुळीत कडं. लावलेले केस टिकतात, म्हणूनच हे कडं उठून दिसतं. ते बुजवायला ग्राफ्ट हवेत, आणि डोनर तर संपलेला. त्यात फिनास्टेराइड-मिनॉक्सिडिलला भोवरा पुढच्या रेषेपेक्षा बरी दाद देतो. तिथे आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षभर औषध घेऊन बघावं.

पुढे लावतानाही हात आखडता हवा. दोन भुवयांच्या मधून ८ सेंमीच्या खाली रेषा आणू देऊ नका, कानशिलाकडच्या खाचाही भरू नका. पहिल्या दोन-तीन ओळींत एकेरी केसाचेच ग्राफ्ट हवेत. तिथे दोन-तीन केसांचा ग्राफ्ट बसला की उन्हात रेषा बाहुलीच्या डोक्यासारखी दिसते. काढताना पंच (ग्राफ्ट काढायचं बारीक गोल पातं) मागच्या सगळ्या पट्ट्यात विखरून चालला पाहिजे. एकाच जागी चालला, तर न्हाव्याने दोन नंबरची मशीन फिरवताच कसर लागल्यासारखे चट्टे दिसतात. मानेलगतचे केस घेऊ देऊ नका, ते पुढे स्वतःच पातळ होऊ शकतात.

पन्नाशीच्या आसपास असाल, पुढची रेषा बरीच वर्षं जागची हललेली नसेल आणि दाढी दाट असेल, तर भोवरा आधी करायला हरकत नसावी. हनुवटीखालचे जाड केस तिथे डोक्याच्या केसांत मिसळून जातात; कपाळावर मात्र खराट्यासारखे दिसतात. फक्त धीर ठेवा. पुढचा निकाल वर्षभरात कळतो, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं.

तारीख नोव्हेंबर ते जानेवारीतली घ्या. पहिले दहा दिवस ग्राफ्टला घासणं चालत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

उरलेले ६०० ग्राफ्ट त्याच दिवशी भोवऱ्यात टाकण्याचा आग्रह झाला तर नाही म्हणा. नव्या रेषेच्या मागचे मूळ केस विरळ होतील, तेव्हा ते तिथे लागतात.